कयाधूच्या काठाचा नकाशा आणि नऊ घरांची नऊ शून्यं

चित्रात कुत्र्याला जागा आहे आणि माझ्या लेकीच्या मेंढरांना नाही. हे आधी सांगून घेते. हिंगोलीत कयाधूच्या काठावर जिथून मेंढरं पाण्यात उतरतात, बराबर तिथंच त्या चित्रात एक गोरापान माणूस पट्टा धरून झिपरं कुत्रं फिरवून राहिलाय. तसलं कुत्रं मी जन्मात ह्या जिल्ह्यात पाहिलं नाही. तसला माणूसही नाही. पण योजना त्याच्यासाठी आहे म्हणे.

आता राम राम. बरे असाल. नसाल तर दवाखान्यात जा, इथं वाचत बसू नका.

नव्यानं आलेल्यांना सांगते. मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या खेड्यातली. शाळा चौथीपर्यंत, त्यातही सुगीत सुट्टी. वहीत मी लिहिते, नात मोबाइलवर चढवते. मागं वसमतला हळदीच्या बाजारात गेले होते ते तुम्ही वाचलंच असेल. ह्या वेळी हिंगोलीला हरकत घ्यायला गेले. देवाला जायचं कसं, थंड हवेला जायचं कसं, हे सगळे लिहितात. हरकत घ्यायला जायचं कसं, हे कोणी लिहीत नाही. म्हणून भाडं, खाणं, बसायची जागा, सगळं बराबर लिहिते. कोणाच्या गावात उद्या नकाशा आला तर कामी येईल.

झालं असं. माझी मोठी लेक मथुरा हिंगोली शहराच्या टोकाला, नदीकाठी राहते. नऊ घरांची वस्ती, सगळे मेंढरंवाले, थोडीथोडी शेती. नवरात्र संपत आलं तेव्हा तिचा फोन आला.

"माय, खांबावर कागद लागलाय."

"कसला?"

"नदीच्या काठाचा. भिंत व्हनार, बाग व्हनार, लोकायला चालायला पट्टा व्हनार. मंगळवारी ज्याला काई म्हनायचं त्यानं येऊन म्हना म्हन्तेत."

"मग तू म्हन."

"मला साहेबापुढं न्हाई बोलता येत. तू ये."

"जावईबापू?"

"ते तर माझ्यापुढंबी बोलत न्हाईत."

हे खरं आहे. जावई चांगला आहे, पण शब्द त्याच्याकडून काढायचा म्हणजे कोरड्या विहिरीतून पाणी.

आता तिथं अडचण काय, ते समजून घ्या. त्या बाजूला नदीचा काठ म्हणजे उभा कडा. एकाच जागी उतार आहे, दहाबारा हात रुंद, खाली सपाट खडक. पावसाळाभर मेंढरं तिथूनच पाण्यावर जातात. आणि दिवाळीच्या आधी तिथंच धुवायची असतात. मेंढरू धुतल्याशिवाय लोकर कातरता येत नाही, चिखलानं आणि काट्यानं कात्री अडते, कातडं फाटतं. धुवायचं, उन्हात वाळवायचं, मग कातरायचं, मग दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घर सोडायचं. दुसरा उतार लांब आहे आणि मधे मोठा डांबरी रस्ता, त्यावरून ट्रक कसे जातात ते तुम्हाला माहीत आहे. हा उतार भिंतीखाली गेला तर मथुराला मेंढरं विकावी लागतील. नऊही घरांना.

घरी सांगितलं तर पोरगा म्हणाला, "आई, सोयाबीन काढणीला आलंय आन् तू कुठं निघाली?"

"माझ्यावाचून कोणाचं सोयाबीन उभं राहिलंय?"

सून खाली पाहून हसली. तिला बरंच वाटलं असणार, चार दिवस स्वयंपाकघर तिचं.

पहिला दिवस, सोमवार. गोरेगावच्या स्टँडवरून हिंगोलीची जीप धरली. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली कधी, ते फक्त ड्रायव्हरला कळतं. आपल्याला वाटतं की आता मुंगी शिरणार नाही, तेवढ्यात तो म्हणतो, "मावशी, जरा सरका." साठ रुपये घेतले. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण एसटीची वाट पाहण्यात अर्धा जीव जातो, तेव्हा हिशोब तुमचा तुम्ही करा. खिडकीची जागा मागून घ्या. ह्या दिवसांत रस्त्याच्या अर्ध्या भागात सोयाबीन वाळत असतं आणि उरलेल्या अर्ध्या भागातून दोन्हीकडच्या गाड्या जातात. धूळ खायची असेल तर बाकी सगळं फुकट आहे.

शेजारच्या बाईनं विचारलं, "काकू, कुठं निघाल्या?"

"हिंगोलीला. हरकत घ्यायला."

"अगं बाई! कोनाच्या लग्नाला?"

तिला समजावून सांगेपर्यंत सेनगावचा फाटा मागं पडला. शेवटी ती म्हणाली, "नदीचं लगीन भिंतीशी लावून राहिलेत म्हना की." मी म्हटलं, "तसंच, आन् नदीला कोनी इचारलं न्हाई."

हिंगोलीत उतरल्यावर स्टँडबाहेर भजे खाल्ले. गरम असताना खा, गार झाले की तेलाचं दुकान. चटणी तिखट देतात, मागितल्यावर जास्त देतात, न मागता कमी. चहा बरा. मग रिक्षा करून मथुराकडे. रिक्षावाल्यानं हिंदीत भाव सांगितला, मी मराठीत अर्धा केला, मधे कुठंतरी जमलं.

वस्तीवर पोचले तर सगळे मला बघायला गोळा झाले, जणू मी वकील आहे. त्यात धोंडिबा होता. वयानं माझ्याएवढा, माझ्या माहेरच्या नात्यातला, डोक्याला पटका, वस्तीतलं मोठं माणूस. त्यानं विचारलं, "काय बोलनार उद्या?"

"जे दिसतंय ते."

"आकडाबिकडा नका सांगू."

"मला येडी समजला काय?"

हे बोलणं तेवढ्यावरच राहिलं. त्याचा काय उपद्रव होणार होता, ते तेव्हा ना त्याला कळलं ना मला.

दुसरा दिवस, मंगळवार. सभा एका मोठ्या हॉलमध्ये. हरकत घ्यायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा: आधार कार्डाची झेरॉक्स न्या, दोन न्या, एक हरवते. शाल न्या, आत यंत्रानं गारठा सोडलेला असतो. बाहेर माणसं उन्हात होरपळत होती आणि आत आम्ही नदीचा विचार करत कुडकुडत होतो. खुर्च्यांना पांढरे कपडे घातलेले, लग्नातल्यासारखे. पाण्याच्या बाटल्या पुढच्या रांगेला. मागच्यांना तहान लागत नाही असं समजतात.

भिंतीवर नकाशा आणि बाजूला मोठी रंगीत चित्रं. ती चित्रं पाहण्यासारखी होती. नदी काठोकाठ भरलेली, निळीशार. मी ह्या नदीचं पाणी सगळ्या रंगांत पाहिलंय, तो एक सोडून. वैशाखात तर ती नदी नसते, डबकी असतात. चित्रात बारा महिने पाणी, त्यात होडी. काठावर हिरवळ, अशी की गाय बघून वेडी होईल, पण गाय नाही. बाकडी, कारंजं, मोबाइलवर स्वतःचा फोटो काढायला एक गोल ओटा, आणि माणसं. माणसं म्हणजे काय सांगू. एकाच्याही डोक्यावर टोपी नाही, एकाही बाईच्या डोक्यावर पदर नाही, पाटी नाही, एकही माणूस म्हातारा नाही. म्हातारे कुठं टाकले कोणास ठाऊक, बहुतेक होडीत बसवून धाडले. आणि ते कुत्रं.

माझ्या शेजारी एक बाई बसली होती, चष्मा, पांढरी साडी, नीट नेसलेली. शाळेत मास्तरीण होती, आता निवृत्त. ती म्हणाली, "तुम्ही विरोधात आहात का?"

"तुमी?"

"मला हवी आहे हो बाग. डॉक्टर म्हणतात रोज चाला. चालू कुठे? रस्त्यावर गेलं की ट्रॅक्टर अंगावर येतो. एकदा तर म्हैस आली."

"म्हैस तरी हळू येते."

ती हसली. मी म्हटलं, "बाई, तुमी चाला. मी काई भिंत पाडाया न्हाई आले. उतारापुरती मोकळी सोडा एवढंच म्हनायला आले."

तिचंही खरं होतं. आपलंच तेवढं खरं असतं तर हरकत घ्यायला मजा आली असती.

योजना आखणारी कंपनी बाहेरगावची. तिचा साहेब उभा राहिला. पांढरे बूट, हातात लाल उजेडाची कांडी, ती नकाशावर फिरवत बोलायचा. त्याच्यामागं एक पोरगी लॅपटॉप घेऊन, तेजश्री नाव. साहेबानं विचारलं, "कुणाच्या काही सूचना?"

सूचना ऐका. एकानं कारंजाला रंगीत दिवे मागितले. दुसरा म्हणाला, रंगीत नकोत, पांढरेच शोभतात, आणि दोघं जुंपले. तिसऱ्यानं विचारलं, बाकड्यावर नावं टाकणार का, आणि टाकणार तर वडिलांचं टाकता येईल का. चौथ्यानं विचारलं, वडील जिवंत असले तर चालेल का. सगळं लिहून घेतलं.

मग मी उभी राहिले. "साहेब, ह्या चित्रात मेंढरं कुठून उतरतेत?"

"आजी, मेंढरं नाहीयेत."

"चित्रात न्हाईत ते दिसून राहिलं मला. नदीवर हायत."

साहेबानं पोरीला खूण केली. तिनं कागद काढून दिला. तो वाचला त्यानं मोठ्यानं: "आम्ही घरोघर जाऊन सर्वेक्षण केलंय. नदीकाठची वस्ती. कुटुंबं नऊ. पशुधन निरंक."

"निरंक म्हंजे?"

मास्तरीणबाई हळूच म्हणाली, "म्हणजे शून्य."

"एका घराचं?"

"नऊही घरांचं," साहेब म्हणाला. "हे पाहा, सह्या आहेत. दोन अंगठे आहेत."

मी मागं वळून वस्तीच्या लोकांत बसलेल्या मथुराकडे पाहिलं. ती छताकडे पाहून राहिली होती.

"मथुरे, काय सांगितलं गं ह्यांना?"

"आता माय... ही ताई आली व्हती माघात. कागद घेऊन. मेंढरं किती म्हनली. मी म्हनलं काई न्हाईत."

"आन् धोंडिबा?"

"मीबी न्हाईच म्हनलो," धोंडिबा उठून म्हणाला, आणि वर ताठ्यानं, "मेंढराचा आकडा कोनी सांगत असतंय व्हय?"

सगळा हॉल हसला. मला हसू आलं नाही, कारण त्यात माझाच हात होता.

तुमच्यातल्या ज्यांच्या घरी मेंढरं नाहीत त्यांना सांगते. मेंढरं आम्ही मोजतो, पण तोंडानं आकडा बोलत नाही. कोणी विचारलं तर "हायत देवाच्या दयेनं" म्हणायचं. आकडा बोलला की कळपाला दृष्ट लागते, रोग येतो. आणि कागद घेऊन आलेल्याला तर मुळीच सांगायचं नाही, कारण आजवर कागद घेऊन जो आला तो काही द्यायला आला नाही. मथुरा सातआठ वर्षांची असताना दारात आलेल्या एका व्यापाऱ्याला तिनं बराबर आकडा सांगितला होता. मी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शिकवण पक्की झाली म्हणायची. एवढी पक्की झाली की आता नदी जायची वेळ आली.

आणि दुसरी गोष्ट, साहेबाच्या गावीही नसलेली. माघात मेंढरं वस्तीवर असतात कुठं? दिवाळीनंतर गडीमाणसं कळप घेऊन लांब काळ्या रानांत जातात. पीक निघालेल्या शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, बदल्यात आम्हाला दाणे. मृगाच्या तोंडावर परत. म्हणजे माघात सर्वेला आलेल्यांना काठ रिकामा दिसला, घरातल्या बायांनी न्हाई म्हटलं, आणि कागदावर चढलं: "वापरात नसलेली जागा." माणूस शेतात गेल्यावर घरी यावं, कुलूप पाहावं आणि घर ओस आहे म्हणून लिहावं, त्यातला प्रकार.

साहेबानं हे ऐकलं आणि फिरून त्या पोरीवर गेला. "तेजश्री, हे तपासून का नाही पाहिलं?"

पोरगी लाल झाली.

मी म्हटलं, "तिला काहून बोलता? तिनं इचारलं ते लिहिलं. लबाड आमी बोललो. आन् माघात जा म्हनून तिला धाडलं कोनी?"

साहेब पाणी प्यायला. मग म्हणाला, "ठीक आहे आजी. आता सांगा आकडा. इथेच दुरुस्ती करू."

धोंडिबा माझ्याकडे डोळे वटारून. मथुरा माझ्याकडे पाहत. इतका प्रवास करून, झेरॉक्स काढून, गारठ्यात बसून मी ज्या कामाला आले होते ते एका शब्दात होणार होतं आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. लेकीला धपाटा घालणारी मीच.

"आकडा न्हाई सांगनार," मी म्हटलं. "उद्या सकाळी मेंढरं धुवायची हायत. तुमी या. तुमचं तुमी मोजा."

लोक पुन्हा हसले. पण मास्तरीणबाई उभी राहिली आणि वर्गात बोलतात तशी म्हणाली, "साहेब, जाऊन या. मीही येते." त्या आवाजाला कोण नाही म्हणणार? साहेबही कधी तरी शाळेत गेलेला असणार.

तिसरा दिवस, बुधवार. साडेआठला येतो म्हणाले, दहाला आले. हरकत घेणाऱ्यांनी भाकर बांधून न्यावी हे इथं सांगते. तिळाची चटणी बरोबर ठेवा, विटत नाही.

नऊ घरांची मेंढरं उतारावर आणून ठेवली होती. साहेबानं खडकावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड. मी विचारलं, "तो फोटोचा गोल ओटा कुठं यायलाय?"

त्यानं नकाशावर बोट ठेवलं, मग डोळे वर करून समोर पाहिलं. बोट जिथं होतं तिथं नदी वाहत होती.

"सध्या पाणी जरा जास्त आहे," तो म्हणाला.

"साहेब, नदी हाय."

तेजश्री तोंड फिरवून हसली. उन्हाळ्यात मापं घेतली असणार. डबकं धरून नदी आखली, आता नदी ऐकत नाही.

मग मोजणी. दोन गड्यांनी उताराच्या दोन बाजूंना घोंगड्या ताणून धरल्या, म्हणजे मधून एकेकच मेंढरू जाईल. साहेब इंग्रजीत मोजणार, पोरगी मोबाइलवरचं बटण दाबून, आणि मास्तरीणबाई मराठीत, मोठ्यानं, बोट नाचवत. पुढची मेंढी निघाली, साहेबाचे पांढरे बूट पाहून बुजली आणि हवेत अशी उडाली की जणू मधे कुंपण आहे. आता मेंढरांची जात तुम्हाला माहीत आहे. पहिली जिथं उडाली तिथं दुसरी उडाली, तिसरी उडाली. कुंपण नाही, काही नाही, पण प्रत्येक जण तिथंच उडी मारून पुढं. काही दोनदोन उडाल्या, काही उलट्या फिरल्या, एक साहेबाच्या दोन पायांमधून गेली. सभेतल्या माणसांचं असंच चाललं होतं काल, एकानं दिवे म्हटले की दुसराही दिवे, एकानं बाकडं म्हटलं की दुसराही बाकडं.

शेवटी तिघांचे तीन आकडे आले. साहेब म्हणाला, "सरासरी काढू." काढली तर एका मेंढराचा तिसरा हिस्सा उरला. धोंडिबा म्हणाला, "तो हिस्सा तुमी ठेवा."

"असं चालणार नाही," साहेब घाम पुसत म्हणाला. त्याला राग आला होता, पण उतार त्याला दिसला होता हेही खरं. डोळ्यासमोर एवढी जनावरं पाण्यात गेली, माणसं कंबरभर पाण्यात उभी राहून त्यांची लोकर चोळत होती, पाणी खाली गढूळ होऊन वाहत होतं. "मला मान्य आहे की इथे वापर आहे. पण समितीपुढे ठेवायला प्रत्येक घराचं लेखी पाहिजे. आकड्यासकट, सहीसकट. नाहीतर जुना कागदच खरा."

म्हणजे फिरून तिथंच. धोंडिबानं मान हलवली. "जमनार न्हाई. बाप मेला तेव्हाबी आकडा सांगून न्हाई गेला."

बाकीचे त्याच्या मागं. जावईबापू पाण्यात उभा, हातात मेंढरू, गप्प. नदी जाईल पण आकडा सांगणार नाही, अशी आमची जात. मला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात मथुरा पाण्यातून बाहेर आली. साडी ढोपरापर्यंत भिजलेली. तेजश्रीपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, माझं लिहा." मग माझ्याकडे पाहिलं. भीत होती. पन्नाशीला आलेली बाई, नातवंडं झालेली, आणि डोळ्यांत तोच जुना धपाटा.

मी म्हटलं, "एक वगळून सांग."

"म्हंजे?"

"जेवढी हायत त्यातलं एक सोडून आकडा सांग. एक मोजायचं राहिलं म्हंजे मोजलंच न्हाई. दृष्टीला मग धरायला काई न्हाई."

असा काही नियम आमच्याकडे आहे का? नाही. मी तिथं उभ्याउभ्या केला. पण माझ्या वयाच्या बाईनं केलेला नियम म्हणजे जुनाच समजतात. धोंडिबानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "व्हय, माझी आजीबी असंच काईतरी म्हनायची." त्याची आजी मला चांगली आठवते. ती असलं काही म्हणत नव्हती.

मथुरानं वाकून तेजश्रीच्या कानात आकडा सांगितला आणि सही केली. मग एकेक करत नऊही घरं आली, कानात सांगून गेली. धोंडिबा सर्वांत शेवटी. त्यानं एक वगळलं की वीस, मला माहीत नाही. त्याच्या आकड्यावर पोरगी दोनदा म्हणाली, "एवढीच?" आणि तो दोनदा म्हणाला, "देवाची दया." मीही इथं कोणाचा आकडा लिहिणार नाही, तेव्हा विचारू नका.

साहेबानं मग नकाशावर भिंतीच्या रेघेत पेन्सिलीनं दोन छोट्या रेघा मारल्या, मधल्या जागेवर फुली मारली आणि बारीक अक्षरात लिहिलं: पशुमार्ग, प्रस्तावित. मास्तरीणबाई चष्मा वर करून म्हणाली, "आणि चालायचा पट्टा तिथं तुटेल त्याचं काय?" मी म्हटलं, "बाई, मेंढरं जाईपर्यंत उभं राहा. डॉक्टरानं थांबू नका म्हनलंय का?" ती म्हणाली, "थांबते. पण लेंड्या झाडायच्या तुम्ही." ठरलं. कोणत्या कागदावर नाही, पण आम्हा दोघींत ठरलं, आणि वस्तीवरच्या बायांनी मान डोलावली.

निघताना मी साहेबाला म्हटलं, "बाकी सगळा नकाशा शाईनं छापलाय. आमच्या दोन रेघाच पेन्सिलीनं काहून?"

"आजी, मंजुरी वरून येते."

"वर कोन हाय?"

"समिती."

"समितीला नाव असंल की."

तो हसला आणि गाडीत बसला. हसणं हे उत्तर नाही, हे मला चौथीतही कळत होतं.

दोन दिवस राहून परत आले. येताना जीप नाही, एसटी मिळाली, अर्ध्या तिकिटात, बसायला जागा. नशीब. मथुरानं धुतलेल्या लोकरीचं एक ओझं बरोबर दिलं, घोंगडीसाठी. शेजारचा माणूस सगळा रस्ता नाकाला रुमाल लावून बसला. धुतलेली होती, तरी. अंगणात आले तर सोयाबीन निघालेलं, सून थकलेली, पोरगा म्हणाला, "काय झालं आई, वाचली का नदी?"

"पेन्सिलीनं वाचली."

"म्हंजे?"

"म्हंजे खोडरबर कोनाच्या हातात हाय त्यावर."

आता घरी बसून विचार करते. भिंतीचं मला वाईट वाटत नाही. बाग होवो, मास्तरीणबाई चालो, रंगीत दिवे लागोत, कोणाच्या वडिलांचं नाव बाकड्यावर पडो, जिवंत असोत की नसोत. लेकीला मी घातलेला धपाटा चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही, तेव्हा तो बराबरच होता. पण भीती एका गोष्टीची आहे. दिवाळी झाली की मथुराचा नवरा आणि बाकी गडी मेंढरं घेऊन निघतील. काठ पुन्हा ओस पडेल. आणि तेव्हा वरचा कोणी पाहायला आला तर त्याला काय दिसणार? खडक, पाणी, आणि दोन बारीक रेघा, ज्यांचं कारण कुठंच उभं नाही. रिकामा काठ पाहून रेघ पुसायला वेळ लागत नाही.

म्हणून ज्यांच्या हातात हा नकाशा गेलाय त्यांना सांगते, आणि मोबाइलवर माझ्या लिखाणाखाली छान छान लिहून जागा अडवणाऱ्यांनाही सांगते, जरा बाजूला व्हा. ह्या दोन रेघांवर शाई कधी फिरणार, ह्याचं उत्तर पाहिजे. तेजश्रीला पुढं करायचं नाही, ती पोरगी नोकरीची आहे, तिनं तिचं लिहिलं. साहेबानंही द्यायचं नाही, तो वर बोट दाखवतो. समितीत ज्याची सही सर्वांत शेवटी होते, त्यानंच उत्तर द्यायचं. स्वतःच्या नावानं, शाईनं, मथुराच्या घरी येऊन, मेंढरं वस्ती सोडायच्या आत.